मायक्रोकंट्रोलरवर आधारित हार्डवेअर लॉक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतः सॉफ्टवेअर लिहून ते मोजक्या ग्राहकांना विकणाऱ्या आणि त्याच्या बेकायदा प्रती निघू नयेत यासाठी स्वतःचा डोंगल बनवण्याचा विचार करणाऱ्या लहान उद्योगांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. हार्डवेअर लॉकला, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये बसणाऱ्या वस्तूला, येथे सर्वत्र ‘डोंगल’ म्हटले आहे. ‘किल्ली’ हा शब्द मात्र सांकेतिकीकरणात लागणाऱ्या अंकासाठीच वापरला आहे: खासगी किल्ली गुप्त ठेवायची असते, आणि तिने केलेली सही तपासणारी सार्वजनिक किल्ली कोणालाही दिली तरी चालते.

डोंगल नेमके काय करतो?

सॉफ्टवेअरची प्रत काढायला काहीच खर्च येत नाही, पण एखाद्या चिपची हुबेहूब प्रत काढायला पैसा, वेळ आणि कौशल्य लागते. डोंगल या फरकाचा उपयोग करतो. प्रोग्रॅमचे चालणे तो एका अशा वस्तूशी बांधतो, जी फाइलप्रमाणे पेनड्राइव्हवर घेऊन जाता येत नाही. ही कल्पना जुनी आहे. १९८० च्या सुमारास कमोडोर पेट या संगणकासाठी निघालेल्या वर्डक्राफ्ट या शब्दसंस्करण प्रोग्रॅमबरोबर असे उपकरण दिले जात असे. पुढे प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर लागणारे आणि ज्यांच्या पाठीवर प्रिंटरची केबल जोडता येई असे डोंगल सर्रास दिसू लागले. महाराष्ट्रातील डीटीपी केंद्रांना तर त्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको, कारण पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी आणि सी-डॅकचे आयएसएम ही दोन्ही सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकसह विकली गेली आणि ‘लॉक घरी राहिले’ म्हणून अडलेली छपाईची कामे अनेकांनी पाहिली आहेत.

डोंगल लावला की पायरसी पूर्णपणे थांबते का?

नाही. प्रोग्रॅम ज्या संगणकावर चालतो तो संगणक संपूर्णपणे वापरणाऱ्याच्या ताब्यात असतो. त्याला मेमरी वाचता येते, सूचना बदलता येतात आणि हवे तितके दिवस प्रयत्न करता येतात. म्हणून डोंगलकडून एवढीच अपेक्षा धरावी की संरक्षण तोडण्याचा खर्च परवान्याच्या किमतीपेक्षा बराच जास्त व्हावा आणि एका ग्राहकाचा डोंगल फुटला तरी त्यामुळे बाकीच्यांचे संरक्षण फुटू नये. शंभर ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या, एखाद्या विशिष्ट उद्योगापुरत्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे उद्दिष्ट गाठता येते. जगभर लोकप्रिय असलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत ते फार अवघड आहे, कारण तेथे तोडणाऱ्यांची संख्या आणि उत्साह दोन्ही मोठे असतात.

तयार डोंगल विकत मिळत असताना स्वतः बनवण्यात काय अर्थ आहे?

बहुतेक उद्योगांनी तयार डोंगलच घ्यावा, असेच आमचे मत आहे. सेंटिनेल आणि हास्प ही दोन नावे या व्यवसायात अनेक वर्षे प्रतिस्पर्धी होती. ती पुढे सेफनेटकडे, मग जेमाल्टोकडे आणि २०१९ मध्ये थेलीसकडे गेली. जर्मनीच्या कार्ल्सरुहे येथील विबू-सिस्टम्स १९८९ पासून याच क्षेत्रात आहे. अशा कंपन्यांनी हल्ल्यांचा जो अनुभव गाठीशी बांधला आहे, तो एकट्या अभियंत्याला काही महिन्यांत मिळवता येत नाही.

तयार डोंगलची दुसरी बाजू अशी की तोच डोंगल हजारो सॉफ्टवेअरमध्ये असल्याने त्याचे इम्युलेटर, म्हणजे डोंगल नसताना तो असल्याचा आभास निर्माण करणारे प्रोग्रॅम, लिहिण्यात लोकांना रस असतो. स्वतः बनवलेल्या डोंगलसाठी आधीच लिहिलेले इम्युलेटर उपलब्ध नसते. शिवाय प्रोग्रॅममधले काही खरे काम डोंगलच्या आत नेण्याची पूर्ण मोकळीक मिळते, आणि स्वतः बनवण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. तेवढे करायचे नसेल, तर हा खटाटोप टाळावा.

कोणता मायक्रोकंट्रोलर निवडावा?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी एकाच चिपमध्ये असलेला लहानसा संगणक. शिकण्यासाठी एटीमेगा३२यू४ उत्तम आहे. यूएसबीची सोय चिपमध्येच आहे, ३२ किलोबाइट फ्लॅश (प्रोग्रॅम साठवणारी मेमरी) आणि १ किलोबाइट ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणाऱ्या नोंदींची मेमरी) मिळते, आणि त्याचे बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतात. पण त्याच्या ८ बिटी गाभ्यावर सार्वजनिक किल्लीचे गणित फार संथ चालते. कर्व्ह२५५१९ या, अशा गणितात वापरल्या जाणाऱ्या, वक्रावरचा एक गुणाकार उत्तम रीतीने लिहिलेल्या कोडमध्येही १६ मेगाहर्ट्झवर जवळजवळ एक सेकंद घेतो.

‘ब्लू पिल’ या नावाने मिळणाऱ्या एसटीएम३२एफ१०३ च्या बोर्डाचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. या एफ१ कुटुंबाचे वाचन-संरक्षण, म्हणजे चिपमधला मजकूर बाहेर वाचू न देणारी सोय, डीबग पोर्टमधून (दोष शोधण्यासाठी ठेवलेल्या जोडणीतून) कसे ओलांडता येते, हे २०२० मध्ये मार्क शिंक आणि योहानेस ओबरमायर यांनी जाहीरपणे दाखवले आहे. एफ० कुटुंबातील उणिवा ओबरमायर यांनीच एका सहकाऱ्यासह २०१७ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांत चिपचे आवरण काढून अतिनील प्रकाशाने संरक्षणाची पातळी खाली आणण्याचाही प्रकार होता. स्वस्त बोर्डांवर बसवलेली चिप पुष्कळदा मूळ कंपनीची नसतेच आणि नक्कल केलेल्या चिपच्या वाचन-संरक्षणाबद्दल कोणीच हमी देत नाही. आरपी२०४० मध्ये फ्लॅश चिपच्या बाहेर असते आणि ती सरळ काढून वाचता येते, त्यामुळे या कामासाठी तो बादच होतो.

आमची शिफारस एसटीएम३२एल४३२ ची आहे. त्यात ८० मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम४ गाभा, २५६ किलोबाइट फ्लॅश, ६४ किलोबाइट रॅम आणि यादृच्छिक अंक निर्माण करणारा स्वतंत्र विभाग आहे. बाहेरच्या क्रिस्टलशिवाय यूएसबी चालवता येत असल्याने बोर्ड लहान होतो. वाचन-संरक्षणाची दुसरी पातळी एकदा लावली की डीबग पोर्ट आणि चिपमधला मूळ बूटलोडर (चिपमध्ये नवा प्रोग्रॅम भरणारा छोटा प्रोग्रॅम) दोन्ही कायमचे बंद होतात. त्यामुळे फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, पुढे बदलायचे असेल, तर निर्मात्याची डिजिटल सही तपासणारा आणि सांकेतिक स्वरूपातील फाइल स्वीकारणारा स्वतःचा बूटलोडर आधीच लिहून ठेवावा लागतो. एवढे करूनही, सर्वसाधारण वापराच्या कोणत्याही मायक्रोकंट्रोलरचे वाचन-संरक्षण अभेद्य मानू नये. ते हल्लेखोराला उशीर करते, इतकेच गृहीत धरून पुढची रचना करावी.

मग गुप्त किल्ली ठेवायची कोठे?

त्यासाठी वेगळी सुरक्षा-चिप लावावी. मायक्रोचिपची एटीईसीसी६०८ ही अशी एक चिप आहे. तिच्यात १६ कप्पे असतात, पी-२५६ या प्रमाणित वक्रावरील डिजिटल सही ती स्वतःच करते, आणि योग्य रीतीने संरचित करून कुलूपबंद केल्यावर खासगी किल्ली कोणत्याही आज्ञेने बाहेर येत नाही. किल्ली चिपच्या आतच जन्माला घालता येत असल्याने ती निर्मात्यालाही ठाऊक असण्याची गरज उरत नाही. मायक्रोकंट्रोलरशी ती आय-टू-सी या दोन तारांच्या मार्गाने बोलते.

अशी चिप लावण्यामागे आणखी एक कारण आहे. १९९९ मध्ये पॉल कोचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की चिप किती वीज खेचते याची सूक्ष्म मोजमापे गोळा करून आतली किल्ली शोधता येते. मायक्रोकंट्रोलरवर साध्या सी भाषेत लिहिलेले सांकेतिकीकरण या हल्ल्यापुढे उघडे असते, तर सुरक्षा-चिपमध्ये त्याविरुद्ध काही उपाय केलेले असतात.

येथे नेहमी एक शंका घेतली जाते की हल्लेखोराने ही चिप बोर्डावरून काढून स्वतःच्या बोर्डावर लावली तर काय. तसे केले तरी त्याच्याकडे एकच चिप राहते, म्हणजे एकच परवाना राहतो. आपल्याला रोखायची आहे ती प्रत, आणि चिप हलवल्याने प्रत तयार होत नाही.

डोंगल आणि प्रोग्रॅम यांच्यातील संवाद कसा असावा?

डोंगलने संगणकाला आपली ओळख एचआयडी, म्हणजे कीबोर्ड-माउसच्या वर्गातील उपकरण, अशी करून द्यावी. त्यामुळे विंडोजवर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही आणि ‘ड्रायव्हर चालत नाही’ या तक्रारींचा मोठा भाग सुरुवातीलाच टळतो. लिनक्सवर परवानगीसाठी युडेव्हचा (उपकरणे हाताळणाऱ्या सेवेचा) एक नियम द्यावा लागतो. फुल-स्पीड यूएसबीवर एका अहवालात, म्हणजे एचआयडीच्या एका संदेशात, ६४ बाइट मावतात आणि दर मिलिसेकंदाला असा एक अहवाल जाऊ शकतो, म्हणजे एका दिशेने सेकंदाला जास्तीत जास्त ६४ किलोबाइटच्या आसपास मजकूर जातो. ही मर्यादा पुढच्या सर्व रचनेत लक्षात ठेवावी लागते.

ओळख पटवण्याची पद्धत अशी ठेवावी. प्रोग्रॅम ३२ बाइटचा ताजा यादृच्छिक अंक तयार करून डोंगलकडे पाठवतो, डोंगल त्यावर आपल्या खासगी किल्लीने सही करतो आणि प्रोग्रॅम ती सही सार्वजनिक किल्लीने तपासतो. सही ६४ बाइटची असल्याने शीर्षकाच्या बाइटांसह ती दोन अहवालांत विभागावी लागते. डोंगलची सार्वजनिक किल्ली खरी आहे हे सांगणारे, निर्मात्याच्या मूळ किल्लीने सही केलेले प्रमाणपत्र डोंगलमध्येच साठवावे. प्रोग्रॅममध्ये केवळ निर्मात्याची सार्वजनिक किल्ली असावी, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल कोणी कितीही उलगडली तरी नवा डोंगल बनवता येईल असे गुपित तिच्यात सापडणार नाही.

अंक प्रत्येक वेळी ताजाच हवा, हे आग्रहाने सांगावे लागते. प्रोग्रॅम ठरावीक प्रश्नच विचारत असेल, तर प्रश्न आणि उत्तरे यांचा एकदा तक्ता बनवून डोंगलशिवाय तोच तक्ता वाजवत बसता येते, आणि जुन्या काळातील कितीतरी इम्युलेटर असेच बनलेले होते. संवादाचे कोड वेगळ्या डीएलएल फाइलमध्येही ठेवू नये, कारण त्या नावाची बनावट फाइल शेजारी ठेवणे हा सर्वांत सोपा हल्ला आहे.

सही तपासली म्हणजे काम झाले, असे का म्हणता येत नाही?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि स्वतः बनवलेले बहुतेक डोंगल येथेच हरतात. सहीचे गणित कितीही भक्कम असले तरी प्रोग्रॅममध्ये शेवटी ‘सही बरोबर असेल तर पुढे जा, नाहीतर थांब’ अशी एक अट उरते. इंटेलच्या प्रोसेसरवर ही अट पुष्कळदा एका लहानशा उडीच्या सूचनेत उतरते. ‘समान असेल तर उडी मार’ या सूचनेचा पहिला बाइट सोळा-आधारी पद्धतीत ७४ असतो आणि ‘बिनशर्त उडी मार’ या सूचनेचा ईबी असतो. दोन्ही सूचनांची लांबी सारखीच आहे. फाइलमधला एक बाइट बदलला की डोंगलमधले २५६ बिटी गणित निरुपयोगी होते. हल्लेखोराला किल्ली शोधावीच लागत नाही.

अटींची संख्या वाढवणे, त्या कोडमध्ये विखुरणे, फाइलची अखंडता तपासणे, फाइल गुंडाळणारे व्यावसायिक आवरण वापरणे या उपायांनी हल्लेखोराचे काम लांबते, पण कामाचा प्रकार बदलत नाही. शिवाय अशा आवरणांमुळे अँटिव्हायरस प्रोग्रॅम प्रामाणिक ग्राहकाच्या संगणकावरही धोक्याचा इशारा देऊ लागतात आणि ग्राहकसेवेचा फोन दिवसभर वाजत राहतो.

खरा उपाय असा की ‘तू आहेस का?’ हा प्रश्न डोंगलला विचारण्यावर विसंबूच नये. त्याच्याकडून असे उत्तर घ्यावे, जे प्रोग्रॅमकडे स्वतःकडे नाही आणि ज्याशिवाय अंतिम निकाल चुकतो. तेव्हा काढून टाकण्यासारखी अट उरतच नाही. हल्लेखोराला डोंगलमधला तो भाग नव्याने लिहावा लागतो, आणि तो कसा लिहायचा हे समजण्यासाठी त्याला त्या विषयाचे ज्ञान लागते.

कोणते काम डोंगलमध्ये हलवावे? एखादे उदाहरण द्याल का?

समजा आपण भोसरी, चाकण किंवा कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतील कारखान्यांसाठी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांनी धातू कापणाऱ्या, यंत्राचा प्रोग्रॅम तयार करून देणारे सॉफ्टवेअर विकतो. हत्याराचा मार्ग काढण्याची भूमिती डोंगलमध्ये हलवण्यात अर्थ नाही. ती पाठ्यपुस्तकात आहे आणि कोणताही चांगला प्रोग्रॅमर ती आठवड्यात लिहील. कोपऱ्यावर फीड, म्हणजे हत्यार पुढे सरकण्याचा वेग, किती कमी करायचा याचा नियम मात्र वेगळ्या जातीचा असतो. धातू, कोपऱ्याचा कोन, हत्याराचा व्यास आणि कापाची खोली यांवरून तो ठरतो, आणि त्यातील आकडे निर्मात्याने अनेक वर्षे शॉप-फ्लोअरवर उभे राहून मिळवलेले असतात. डोंगलच्या पोटात ठेवायचा तो हा भाग.

वेगाचा हिशोब सुरुवातीलाच करावा. एका कोपऱ्याची माहिती ८ बाइटांत बसवली आणि अहवालाचे पहिले ८ बाइट शीर्षकासाठी राखले, तर एका अहवालात ७ कोपरे मावतात. प्रश्न जाणे, गणित होणे आणि उत्तर येणे याला मिळून ३ मिलिसेकंद धरले, तर १०,००० कोपऱ्यांच्या कामाला सुमारे १४३० फेऱ्या, म्हणजे चार-साडेचार सेकंद लागतात. अंतिम फाइल तयार होताना ग्राहक एवढे सहज थांबतो. हेच काम पडद्यावर माउस हलवताना प्रत्येक वेळी करायला लावले, तर सॉफ्टवेअर वापरण्याजोगे राहणार नाही. एल४३२ मध्ये एकेरी अचूकतेच्या दशांशांसाठी हार्डवेअर आहे, दुहेरीसाठी नाही. म्हणून अंतरे मायक्रॉनमध्ये पूर्णांक म्हणून ठेवावीत. ३२ बिटांच्या पूर्णांकात अशी दोन किलोमीटरहून अधिक अंतरे मावतात, आणि एवढे मोठे यंत्र अद्याप कोणी आमच्याकडे आणलेले नाही.

निवडलेल्या नियमाला आणखी एक कसोटी लावावी. तो नियम साधा सरळ रेषेतला असेल, तर दोन उत्तरे पाहून त्याचे गुणांक काढता येतात. तो चार संख्यांवर अवलंबून असेल आणि उत्तर हळूहळू बदलत असेल, तर हल्लेखोर रात्रभर प्रश्न विचारून पुरेसा दाट तक्ता बनवू शकतो. म्हणून उत्तर आधीच्या काही कोपऱ्यांवरही अवलंबून ठेवावे. भौतिक दृष्टीनेही ते योग्यच आहे, कारण यंत्राचा वेग एका क्षणात बदलत नाही. त्यामुळे तक्त्याचा आकार आवाक्याबाहेर जातो. डोंगल ठरावीक काळात किती प्रश्नांना उत्तरे देईल यावरही मर्यादा घालावी.

हा नियम सर्व ग्राहकांसाठी एकच असल्याने आणि तो सुरक्षा-चिपमध्ये न राहता मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशमध्ये राहत असल्याने, फ्लॅश वाचणारा हल्लेखोर तो मिळवू शकतो, ही या रचनेतली उघड उणीव आहे. तिची तीव्रता कमी करण्यासाठी नियमातील आकड्यांचा तक्ता फ्लॅशमध्ये सांकेतिक स्वरूपात ठेवावा, आणि त्याची किल्ली डोंगल सुरू होताना सुरक्षा-चिपकडून काढून रॅममध्येच ठेवावी. प्रत्येक डोंगलची ही किल्ली वेगळी असावी.

कार्यालयातील दहा जणांनी एकच डोंगल नेटवर्कवरून वाटून घेतला तर?

यूएसबी उपकरण नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला जोडून देणारे प्रोग्रॅम सहज मिळतात. लिनक्सच्या कर्नेलमध्ये तर ही सोय आहेच. अशा प्रोग्रॅमचा शोध घेत बसण्यापेक्षा डोंगलमध्येच नियम ठेवावा की एका वेळी एकच सत्र चालेल आणि नवे सत्र सुरू होताच जुने रद्द होईल. खरे काम डोंगलमध्ये होत असल्याने दहा जणांची रांग आपोआपच लागते. अनेक जणांनी वापरायचा परवाना ग्राहकाला हवा असेल, तर तो वेगळ्या किमतीला द्यावा आणि सत्रांची संख्या डोंगलमध्ये नोंदवावी. ग्राहकाला आभासी यंत्रात किंवा रिमोट डेस्कटॉपवर सॉफ्टवेअर चालवायचे असते, यामागे दर वेळी वाईट हेतू असतोच असे नाही. त्यावर सरसकट बंदी घालू नये.

मुदतीचा परवाना देता येतो का?

येतो, पण संगणकाच्या घड्याळावर विसंबू नये, कारण ते मागे फिरवता येते. डोंगलमध्ये घड्याळ चालू ठेवायचे, तर बॅटरी लागते आणि ती काही वर्षांनी संपते. त्यापेक्षा वापर मोजणे सोपे पडते. एटीईसीसी६०८ मध्ये फक्त पुढे जाणारे दोन गणक आहेत आणि प्रत्येक २०,९७,१५१ पर्यंत मोजतो. एटीमेगाच्या ईईप्रॉममध्ये स्वतःचा गणक लिहिणार असाल, तर एका जागेवर सुमारे एक लाख वेळाच लिहिता येते हे ध्यानात ठेवून लेखन अनेक जागांवर फिरते ठेवावे.

यूएसबीचा ओळख क्रमांक स्वतःचा लागतो का?

विक्रीसाठी लागतो. यूएसबीच्या संस्थेकडून स्वतंत्र विक्रेता क्रमांक घ्यायला सहा हजार अमेरिकी डॉलर लागतात, आणि लहान उद्योगाला तो खर्च न्याय्य वाटत नाही. चिप बनवणाऱ्या काही कंपन्या आपल्या क्रमांकाखाली ग्राहकांना उत्पादन क्रमांक वापरू देतात, त्यांच्याकडे अर्ज करावा. मुक्त स्रोत प्रकल्पांना विनामूल्य क्रमांक देणारी सोयही आहे, परंतु फर्मवेअर गुप्त ठेवायचे असल्याने ती आपल्याला लागू होत नाही. दुसऱ्याचा क्रमांक उचलून वापरणे चुकीचे आहेच, आणि पायरसीविरुद्धच्या वस्तूत तर ते शोभतही नाही.

सर्किट बोर्डाबाबत कोणती काळजी घ्यावी?

डोंगल वर्षानुवर्षे हाताळला जातो, खिशात फिरतो आणि कोरड्या हवेत स्थिर विद्युतचे धक्के खातो. म्हणून डेटाच्या दोन्ही तारांवर स्थिर विद्युतपासून रक्षण करणारी यूएसबीएलसी६-२ सारखी चिप अवश्य लावावी. यूएसबी प्लगचे धातूचे पाय बोर्डाला आरपार सोल्डर करावेत, नाहीतर पहिल्याच धक्क्याला तो उखडतो. सुरक्षा-चिपकडे जाणाऱ्या तारा आतल्या थरातून न्याव्यात आणि चाचणीचे बिंदू अंतिम बोर्डावर ठेवू नयेत. बोर्ड इपॉक्सीत बुडवल्याने निश्चयी हल्लेखोर थांबत नाही, पण पाणी, धूळ आणि कुतूहल यांपासून संरक्षण मिळते.

डोंगल तयार करताना किल्ल्या कशा भराव्यात?

निर्मात्याची मूळ खासगी किल्ली इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर किंवा स्वतंत्र सुरक्षा-उपकरणात ठेवावी आणि तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी कुलपात असावी. फर्मवेअर भरणे, चिपमध्ये किल्ली निर्माण करणे, तिच्या प्रमाणपत्रावर सही करणे, चाचणी घेणे आणि शेवटी वाचन-संरक्षण लावणे हा क्रम एकाच प्रोग्रॅमने पार पाडावा. सुरक्षा-चिपची संरचना एकदा कुलूपबंद झाली की ती उलटवता येत नाही. म्हणून पहिल्या काही चिपा वाया जातील असे धरूनच खरेदी करावी. बोर्ड बाहेरच्या कारखान्यात जुळवून घ्यायला हरकत नाही, पण किल्ल्या भरण्याचे काम स्वतःच्या जागेतच करावे.

डोंगल हरवला किंवा बिघडला, तर ग्राहकाने काय करावे?

याचे उत्तर पहिला डोंगल विकण्याआधी लिहून तयार असावे. १९८६ मध्ये ऑटोडेस्कने अमेरिकेत ऑटोकॅडबरोबर हार्डवेअर लॉक द्यायला सुरुवात केली आणि ग्राहकांच्या रोषामुळे ते लवकरच मागे घेतले. पैसे देणाऱ्यालाच त्रास आणि चोरणाऱ्याला नाही, ही भावना एकदा निर्माण झाली की तांत्रिक गुण सांगून ती पुसता येत नाही.

बिघडलेला डोंगल परत आल्यावर दुसरा विनामूल्य द्यावा आणि तो पोहोचेपर्यंत, त्या एका संगणकापुरती आणि काही दिवसांपुरती चालणारी, निर्मात्याने सही केलेली परवाना-फाइल ई-मेलने पाठवावी. हरवलेल्या डोंगलच्या बाबतीत धोरण काहीसे कडक असावे लागते, कारण हरवल्याचे सांगून दुसरा मिळवणे हीसुद्धा प्रत काढण्याचीच एक रीत आहे. चालू कामात डोंगल निघाला, तर प्रोग्रॅमने लगेच बंद पडू नये. फाइल साठवू द्यावी आणि फक्त अंतिम निकाल तयार करणे थांबवावे.

बनावट प्रत आढळल्यास प्रोग्रॅमने डेटा पुसावा किंवा मुद्दाम चुकीचे आकडे द्यावेत का?

कधीही नाही. सदोष केबलमुळे प्रामाणिक ग्राहकाचाही डोंगल क्षणभर गायब होऊ शकतो. सीएनसी यंत्रावर चुकीच्या फीडने हत्यार तुटून माणूस जखमी होऊ शकतो. दुसऱ्याच्या संगणकातील माहितीची परवानगीशिवाय हानी करणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली नुकसानभरपाईस पात्र आहे, आणि समोरच्याने आपले सॉफ्टवेअर चोरले होते हा बचाव तेथे चालेल असे गृहीत धरू नये. डोंगलचे उत्तर नसेल, तर अंतिम फाइल तयारच होऊ नये आणि पडद्यावर तसे स्पष्ट लिहून यावे.

डोंगल तोडणाऱ्याविरुद्ध कायद्याने काय करता येते?

प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणक प्रोग्रॅम हे साहित्यकृतीत मोडतात. कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हे हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण ओलांडण्याबद्दल आहे, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. सांकेतिकीकरणाचे संशोधन किंवा मालकाच्या परवानगीने केलेली सुरक्षा-चाचणी अशा गोष्टींना त्याच कलमात अपवाद आहेत. व्यवहारात पहिले पाऊल वकिलाच्या नोटिशीचे असते, आणि लहान शहरातल्या व्यवसायात तेवढ्याने बहुतेक वेळा परवाना विकत घेतला जातो.

डोंगलऐवजी इंटरनेटवरून परवाना तपासणे अधिक सोयीचे नाही का?

पुष्कळ ठिकाणी आहे. संगीताचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्टाइनबर्गने अनेक वर्षे यूएसबी डोंगल वापरून २०२२ पासून ऑनलाइन परवान्याकडे वळण्यास सुरुवात केली. ग्राहकाकडे खात्रीचे इंटरनेट असेल, तर निर्मात्यानेही तोच मार्ग आधी तपासावा. शॉप-फ्लोअरवरील संगणक मात्र अनेकदा जाणीवपूर्वक नेटवर्कपासून दूर ठेवलेले असतात, आणि तेथे डोंगलला अजून समर्थ पर्याय दिसत नाही.

निर्मात्याने व्यवसाय बंद केला, तर ग्राहकाकडील सॉफ्टवेअरचे काय होते?

डोंगल बिघडेपर्यंत ते चालते, आणि त्यानंतर ग्राहक अडकतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने तांत्रिक संरक्षण ओलांडण्यावर बंदी घातली, पण तेथील काँग्रेस ग्रंथालयाच्या २००३, २००६ आणि २०१० च्या निर्णयांत, बिघडलेल्या आणि आता मिळेनाशा झालेल्या डोंगलमुळे अडलेल्या प्रोग्रॅमना या बंदीतून सूट दिली होती. भारतीय कायद्यात डोंगलसाठी अशी स्वतंत्र सूट नाही. म्हणून विक्रीच्या करारातच एक कलम घालावे, ज्यानुसार डोंगलशिवाय चालणारी आवृत्ती वकिलाकडे किंवा अन्य त्रयस्थाकडे सीलबंद ठेवलेली असेल आणि व्यवसाय बंद झाल्यास ती नोंदणीकृत ग्राहकांना दिली जाईल. डोंगलमधल्या नियमाचे कोड या आवृत्तीत समाविष्ट करावे लागेल, त्यामुळे दर नव्या आवृत्तीबरोबर तेथील प्रतही बदलावी.